बेळगावचा ट्यूब अँप: बोर्ड माझा, लोखंड मामांचं

ट्यूब अँप, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या ट्यूबवर (वॉलवर) चालणारा गिटारचा अँप. त्याचा विषय निघाला की गिटारवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतोय, ट्यूब कुठली टाकलीस? मग किती वॅटचा, मग स्पीकर कुठला, मग कॅपॅसिटर भारीतले आहेत का लोकल. ट्रान्सफॉर्मर कुणी गुंडाळला हे कुणी म्हणजे कुणी विचारत नाही. माझं मत विचाराल तर पहिला प्रश्न तोच पाहिजे, दुसरा प्रश्न अर्थिंग कसं केलंयस, आणि ट्यूबचं नाव शेवटी विचारलं तरी चालतंय. हे मी अँप बनवून झाल्यावर म्हणतोय, तेव्हा ऐकून घ्या की जरा.

बनवला तो ५ वॅटचा सिंगल एंडेड, म्हणजे स्पीकर चालवायला एकच ट्यूब. सिग्नल वाढवायला एक १२एएक्स७ आणि स्पीकरला एक ईएल८४, बस्स. आयडिया नवीन काही नाही, फेंडरचा ५एफ१ चॅम्प जुन्या काळापासून सगळं जग कॉपी करतंय, त्यात १२एएक्स७, ६व्ही६ आणि रेक्टिफायरला, म्हणजे एसीचा डीसी करायला, ५वाय३ असते. मी ६व्ही६च्या जागी ईएल८४ घेतली कारण ती छोटी नऊ पिनची, आणि तिला चालवायला कमी सिग्नल लागतोय. २५० व्होल्टवर ६व्ही६ला ग्रीडवर, म्हणजे सिग्नल जिथं शिरतो त्या जाळीवर, साडेबारा व्होल्टचा बायस (कायमचं उणे व्होल्टेज) लागतो, ईएल८४ला साधारण सव्वासात पुरतो. म्हणजे एकाच १२एएक्स७च्या दोन स्टेजवर ती पार कोकलायला लागते. व्हॉक्स एसी३० अँपमध्ये ह्याच चार असतात, आवाजात ती चिमटा काढल्यासारखी ट्रेबल आहे ती बरीचशी इथली. रेक्टिफायर ट्यूब नाही टाकली, चार १एन४००७ डायोड टाकले. कुठल्याही दुकानात सुट्ट्या पैशात मिळतात, १००० व्होल्ट सहन करतात आणि गरम पण होत नाहीत. डायोडनं आवाज कडक होतोय म्हणणारे आहेत, पण सिंगल एंडेड अँप करंट जवळजवळ एकसारखाच ओढत असतोय, त्यामुळं तिथं सॅगचा, म्हणजे जोरात वाजवल्यावर व्होल्टेज बसण्याचा, फरक मला तरी ऐकू येत नाही.

सामानाचं आपल्याकडं एक गंमतशीर दुखणं आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि बेंगलोरचा एसपी रोड हे इलेक्ट्रॉनिक्सचे बाजार, बेळगावकराला दोन्ही सारखेच लांब, इकडं पाचशे किलोमीटर तिकडं पाचशे किलोमीटर. मधे कोल्हापूर आणि हुबळीला किरकोळ मिळतंय, पण ४५० व्होल्टचा ४७ एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) कॅपॅसिटर मागितला की दुकानदार फॅनचा कंडेन्सर पुढं करतोय. ट्यूब ऑनलाइन मागवल्या, हल्ली त्या स्लोव्हाकिया, रशिया नाहीतर चीनमधल्याच असतात. पण ईएल८४च्या बाबतीत जरा थांबा. १९५४ साली सुरू झालेली आपली बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) बेंगलोरमध्ये ट्यूब बनवायची आणि तिच्या ईएल८४ जुन्या रेडिओ रिपेअरवाल्यांच्या डब्यात अजून सापडतात. शहापुरातल्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या मालकांकडं खोक्यासकट मिळाली मला, काचेवरचा छाप निम्मा पुसलेला, पिना काळ्या पडलेल्या. बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं पिना घासल्या, मल्टीमीटरनं फिलॅमेंटची, म्हणजे ट्यूब तापवणाऱ्या तारेची, कंटिन्युइटी बघितली, लागली कामाला. आजोबा पैसे घेत नव्हते, म्हणाले "रेडिओच ऱ्हायले न्हाईत तर वॉल ठेवून काय करू?" बळेबळे दिले.

आता लोखंडाचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं. सिंगल एंडेड अँपमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर बाहेरून आणायचा म्हटलं तर कुरिअर आणि ड्युटीसकट नको वाटतंय. आणि आपण राहतो कुठं? बेळगावात! उद्यमबागला चक्कर मारा, फौंड्री, लेथ, हायड्रॉलिक, काय पाहिजे ते, आणि एवढ्या मोटारी आहेत म्हटल्यावर त्या जाळणारे पण आहेत आणि परत गुंडाळणारे पण. मी ज्या मामांकडं गेलो ते पाण्याच्या मोटारी आणि स्टॅबिलायझर गुंडाळतात. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि चिडले की दोन्हीचं कालवण.

कागदावर मी लिहून नेलं होतं. ईएल८४ला ५.२के (५२०० ओहम) लोड लागतोय आणि स्पीकर ८ ओहमचा, म्हणजे इंपीडन्सचा रेशो ६५०, टर्नचा रेशो त्याचं वर्गमूळ, साडेपंचवीस. ट्यूबकडची प्रायमरी २५५० टर्न ३६ नंबर तारेचे, स्पीकरकडची सेकंडरी १०० टर्न २२ नंबरचे, एक इंची स्टॅम्पिंग (लोखंडाच्या पट्ट्या), एक इंच थप्पी. इथपर्यंत मामांना काही नवीन नव्हतं. मग मी म्हटलं सेकंडरी मधे घालायची, आधी निम्मी प्रायमरी, मग सेकंडरी, मग वरून राहिलेली प्रायमरी. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. असं सँडविच केलं की दोन्ही वाइंडिंग एकमेकीला चिकटून राहतात, चुंबकाचा लीकेज कमी होतोय आणि वरची ट्रेबल शिल्लक राहते, नाहीतर अँप गोधडीखालून वाजल्यासारखा. हे पटलं त्यांना.

खरी वादावादी पुढं झाली. साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये इंग्रजी ई आणि आयच्या आकाराच्या पट्ट्या एकाआड एक उलटसुलट भरतात, म्हणजे लोखंड सगळीकडून बंद. सिंगल एंडेडमध्ये तसं चालत नाही, कारण ट्यूबचा ४०-५० मिलिअँप डीसी करंट सतत एकाच दिशेनं प्रायमरीतून वाहत असतोय आणि लोखंड त्यानंच भरून जातंय, सिग्नलला जागाच उरत नाही. म्हणून सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला, आणि मधे फट.

"फट ठेवायची? मुद्दाम?"

"हो मामा, पॉइंट वन एमएमची."

"अहो गुणगुणंल की ओ ते! लोक फट बुजवायला येतात आणि तुम्ही फट मागायलाय."

शेवटी त्यांच्याच बिलबुकाखालचा झेरॉक्सचा कागद घेतला, तो बरोबर ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतोय, कात्रीनं पट्टी कापली आणि ई आणि आयच्या मधे ठेवली. चुंबकाच्या वाटेत ती फट दोनदा येते, एकदा मधल्या पायात आणि एकदा कडेच्या पायात, म्हणजे एकूण ०.२. ह्या हिशोबानं डीसीमुळं लोखंडात पाऊण टेस्ला होतोय, वर सिग्नलचा ८२ हर्ट्झला म्हणजे जाड ई तारेला अजून ०.३, एकूण एकच्या थोडं वर, आणि साध्या सिलिकॉन स्टीलला तेवढं आरामात झेपतंय. मामांना टेस्ला बिस्ला सांगितलं नाही, फक्त कागद हलवू नका म्हटलं.

गुंडाळताना मात्र बघत बसावं असा माणूस. हाताचं मशीन, त्यावर खटखट आकडे पलटणारा काउंटर, उजव्या हातानं हँडल आणि डाव्या हाताच्या चिमटीत दुमडलेला फडक्याचा तुकडा, त्यातून ती केसासारखी तार सरकतेय. ताण जास्त झाला तर तार तुटते, कमी झाला तर थर ढिला पडून फुगतोय, आणि मग वरचे थर बॉबिनमध्ये मावत नाहीत. त्यांनी एकदाही खाली बघितलं नाही, फोनवर कुणाशी तरी बोरवेलच्या मोटारीचा भाव करत होते आणि प्रत्येक थर संपला की न बघता हात थांबायचा, लेदरॉइड पेपरचा तुकडा आत जायचा आणि परत खटखट सुरू. मग वॉर्निशमध्ये बुडवून बल्बच्या पेटीत सुकवायला. मला तर तो डबा घरी आणल्यावर दोन दिवस खोलीभर वॉर्निशचा वास होता, आई म्हणाली "हे काय करायलायस घरात, पॉलिशवाला बोलावलायस काय?"

मेन ट्रान्सफॉर्मरपण त्यांच्याकडूनच. सेकंडरी २१० व्होल्ट १५० मिलिअँप, आणि फिलॅमेंटला ६.३ व्होल्ट २ अँप. ईएल८४ला ०.७६ अँप लागतोय आणि १२एएक्स७ला ६.३वर ०.३, म्हणजे निम्मं हातचं राखून. एक गोष्ट मी आवर्जून सांगतो, प्रायमरीला २२०, २३० आणि २४० असे टॅप काढून घ्या. आमच्या गल्लीत संध्याकाळी २०५ व्होल्ट दिसतंय आणि रात्री अकरानंतर २५०, आणि २३०वर ६.३ येणारं फिलॅमेंट २५०वर ६.८५ होतंय. ट्यूबला दहा टक्के वरखाली चालतं म्हणतात, त्याच्या अगदी काठावर आलो. जे लोक रात्रीच वाजवतात, आणि नोकरीवाले सगळे रात्रीच वाजवतात, त्यांनी २४०चा टॅप वापरावा.

आता बोर्ड, ज्याच्यासाठी खरं तर सगळे हा उद्योग विचारतात. ट्यूबवाल्यांमध्ये पीसीबीला (छापील सर्किट बोर्डाला) अस्पृश्य मानणारी एक जमात आहे, टॅगबोर्ड नाहीतर टरेट, हातानं वायरिंग, तरच खरा आवाज. मार्शलनं ७०च्या दशकातच पीसीबी धरला आणि त्याच्यावर वाजवलेलं ऐकूनच आपण मोठे झालो, तेव्हा ते राहू दे. पीसीबी वाईट नसतोय, पीसीबीवर नको ते चढवणं वाईट. ट्यूबचे सॉकेट बोर्डावर सोल्डर केले की ईएल८४ची सगळी धग बोर्डात उतरते, ट्यूब काढता घालता पॅड हलतात आणि वर्षा दोन वर्षात सोल्डरला बारीक चीर. म्हणून माझे सॉकेट सिरॅमिकचे आणि चॅसीला स्क्रूनं बसवलेले. फिलॅमेंटच्या वायरी बोर्डावर आणल्याच नाहीत, पिळून घट्ट वेणी केली आणि चॅसीच्या कोपऱ्यातून सॉकेटला दिल्या. पॉट, जॅक, ट्रान्सफॉर्मर, सगळं बाहेर. बोर्डावर राहिले फक्त रेझिस्टर, कॅपॅसिटर आणि डायोड. दिसायला एकदम मंद बोर्ड आहे आणि तसाच पाहिजे.

कीकॅड ह्या सॉफ्टवेअरमध्ये काढला, फुकट आहे आणि यूट्यूबवर शिकता येतंय. १.६ मिमी एफआर४, ३५ मायक्रॉन कॉपर, दोन लेयर, पण वरच्या लेयरवर जवळजवळ काही नाही. ट्रॅक २ मिमी रुंद ठेवले, करंटसाठी एवढे लागत नाहीत पण उद्या रेझिस्टर बदलायला चारदा सोल्डरिंग केलं तरी पॅड उखडू नये. ३०० व्होल्टच्या ट्रॅकपासून बाकी सगळं ३ मिमी लांब. सॉफ्टवेअर डिफॉल्टमध्ये ०.२ मिमी गॅप देतंय, तो पाच व्होल्टवाल्यांचा हिशोब आहे, तसाच ठेवला तर पहिल्या पावसाळ्यात ठिणगी बघायला मिळंल. आणि सगळीकडं ग्राउंड ओतून टाकायची सवय असते ना डिजिटलवाल्यांची, ती इथं नको. ग्रीडच्या ट्रॅकखाली ग्राउंडचा पत्रा पसरला की कपॅसिटन्स वाढतोय आणि ट्रेबल गळते, वर करंट कुठून कुठं चाललाय त्याच्यावर आपला ताबा राहत नाही.

हा ताबा हाच बोर्डाचा सगळा जीव आहे. एकाच नळाच्या पाइपवर चार घरं असली की पहिल्यानं नळ सोडला की शेवटच्याची धार बारीक होते, ग्राउंडचं तसंच. रेक्टिफायरनंतरचा पहिला कॅपॅसिटर काही एकसारखा भरत नाही, सेकंदाला १०० वेळा झटका घेऊन भरतोय. सरासरी करंट ६० मिलिअँप असला तरी झटका ३००-४००चा असतोय. २ मिमी रुंद आणि ४० मिमी लांब ट्रॅकचा रेझिस्टन्स साधारण १० मिलिओहम. हे काहीच नाही वाटतं, पण त्यातून ३०० मिलिअँप गेले की ३ मिलिव्होल्ट झाले, आणि त्याच ट्रॅकवर पहिल्या १२एएक्स७चा कॅथोड (ट्यूबमधलं इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) ग्राउंड केला असेल तर तो ३ मिलिव्होल्ट गिटारच्या सिग्नलसोबत सगळ्या स्टेजमधून मोठा होत स्पीकरपर्यंत. गिटारचा पिकअप देतोय १०० मिलिव्होल्टच्या आसपास. म्हणजे घर्रर्र ठरलेलाच. म्हणून पहिल्या कॅपॅसिटरचं निगेटिव्ह, ब्रिजचं निगेटिव्ह, ईएल८४चा कॅथोड आणि स्पीकरची काळी वायर हे सगळं एका ठिकाणी, तिथून एक ट्रॅक ईएल८४च्या स्क्रीनच्या (दुसऱ्या जाळीच्या) कॅपॅसिटरला, तिथून पुढं प्रीअँपच्या कॅपॅसिटरला, आणि चॅसीला जोड एकाच जागी, इनपुट जॅकजवळ. अर्थ पिन मात्र वेगळी, ती सरळ चॅसीला नट लावून घट्ट, तिच्यात कसलीही हुशारी करायची नाही.

हम, म्हणजे स्पीकरमधली गुणगुण, आला तर तो कुठला हे कानानं ओळखता येतंय. ५० हर्ट्झचा असेल तर फिलॅमेंट, १०० हर्ट्झचा असेल तर फिल्टर नाहीतर ग्राउंड. आणि कान लावायला ट्युनर नको, गिटारच्या जाड तारेवर तिसऱ्या पट्टीचा जी म्हणजे ९८ हर्ट्झ. हम त्याच्या किंचित वर लागला तर तो १००चा, त्याच्या खालच्या सप्तकात लागला तर ५०चा. भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्याला सांगायचं तर पांढरी पाचच्या जरा वर. अमेरिकेतल्या लोकांचा १२० हर्ट्झवर येतोय, त्यामुळं त्यांच्या व्हिडिओतला हम ऐकून आपला ओळखायला जाऊ नका. माझ्यात थोडा ५०चा होता, फिलॅमेंटच्या दोन्ही वायरींना शंभर शंभर ओहम लावून मधला जोड ईएल८४च्या कॅथोडला दिला, म्हणजे फिलॅमेंट सात व्होल्ट वर उचललं गेलं, आणि कान स्पीकरला टेकवल्याशिवाय ऐकू येईना.

चालू करायच्या आधी सिरीज बोर्ड. प्रत्येक इलेक्ट्रिशियनकडं असतोय, होल्डरमध्ये बल्ब आणि पुढं प्लग. बल्ब जुना तारेचाच पाहिजे, एलईडी चालत नाही, आणि तारेचा बल्ब शोधणं हे आता ट्यूब शोधण्याएवढंच अवघड झालंय, मला गणपतीच्या मांडवाच्या सामानात मिळाला. आधी ट्यूब न लावता, ६० वॅटचा बल्ब. क्षणभर लख्ख पेटतोय, कॅपॅसिटर भरले की मंद होतोय. लख्खच राहिला तर कुठंतरी शॉर्ट, लगेच बंद. ट्यूब लावल्यावर १०० वॅटचा, कारण फिलॅमेंटच्या लोडनं ६०चा बल्ब व्होल्टेज पार खाली आणतोय.

ट्यूब लावून सिरीज बोर्ड काढला आणि अँप किंचाळला. गिटार न लावता, व्हॉल्यूम झीरोवर, एकच सणसणीत सूर. शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली ते बघितलं मी. पण हे अपेक्षितच होतं, पन्नास टक्के तरी. स्पीकरकडून दुसऱ्या स्टेजच्या कॅथोडला २२केमधून फीडबॅक दिलाय, म्हणजे आउटपुटचा थोडा सिग्नल मागं, आणि ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचं कुठलं टोक सरळ आणि कुठलं उलटं हे मामांच्या वायरींवरून कळायला मार्ग नाही, दोन्ही पिवळ्या. उलट्या बाजूनं दिला की फीडबॅक दाबायच्या ऐवजी ढकलतोय. बंद केला, कॅपॅसिटर उतरू दिले, सेकंडरीच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, गप्प.

कॅपॅसिटर उतरू दिले असं सहज लिहिलं, पण त्याच्यावर थांबतो. प्लग काढला तरी ४७ एमएफडीमध्ये ३०० व्होल्ट बसलेले असतात आणि ते वाट बघतात. त्याच्यावर कायमचा २२०के २ वॅटचा रेझिस्टर सोल्डर करून टाका. दोन्हीचा गुणाकार साधारण १० सेकंद येतोय, त्याच्या पाचपट म्हणजे पन्नास सेकंदात चार्ज उतरतोय, तरी मी एक मिनिट थांबून मीटर लावूनच हात घालतो. आणि मोजताना डावा हात खिशात. छातीतून करंट जायची वाट बंद ठेवायची, बाकी काही नाही. ज्याच्या घराच्या अर्थिंगचा भरवसा नाही, आणि जुन्या वाड्यांमध्ये नसतोच, त्यानं आधी ते करून घ्यावं, अँप नंतर.

बायस बघायला काही अडजस्टमेंट नाही, कॅथोडला १५० ओहम ५ वॅट आहे तेवढंच. डेटाशीट १३५ म्हणतंय पण आपलं रात्रीचं व्होल्टेज बघून मी १५० घेतला. त्याच्यावर ७.२ व्होल्ट आलं, म्हणजे ४८ मिलिअँप, त्यातले पाचेक स्क्रीनचे, राहिले ४३ प्लेटचे (करंट गोळा करणाऱ्या टोकाचे), प्लेट आणि कॅथोडमध्ये २५० व्होल्ट, झाले पावणेअकरा वॅट. ईएल८४ची लिमिट १२. बीईएलची म्हातारी अजून बरीच वर्षं जाईल. १२एएक्स७चं तर काय, १००के प्लेटला, दीडके कॅथोडला, ०.०२२ कपलिंग, १मेगचा (दहा लाख ओहमचा) व्हॉल्यूम, सगळ्या जगाचं तेच.

कॅबिनेट आणि स्पीकरवर जास्त लिहीत नाही, प्लायची पेटी खासबागच्या एका सुताराकडून, दहा इंची स्पीकर. फक्त एवढं, स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघून घ्या. ९० डीबीचा आणि ९७ डीबीचा ह्यातला फरक म्हणजे पाचपट पॉवर, ५ वॅटचा अँप पंचवीसचा वाटायला लागतोय, फुकटात. आणि स्पीकर न जोडता ट्यूब अँपवर कधी वाजवू नका, लोड नसला की प्रायमरीवर व्होल्टेज उसळतंय आणि मामांनी एवढ्या मायेनं गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आतल्या आत पेटतोय.

आवाज कसा आहे? व्हॉल्यूम चारपर्यंत स्वच्छ, त्यानंतर बोटाच्या जोरावर, हळू वाजवलं की साफ, जोरात मारलं की कडा फाटतात. फीडबॅकला मी एक स्विच ठेवलाय, काढला की आवाज मोठा आणि रांगडा होतोय, बास जरा पसरतोय. आमच्या साऊंडवाल्या मित्राला फीडबॅक लावलेला आवडतोय, मला काढलेला, आणि हा वाद दर रविवारी होतोय. तो लेका दहा हजार वॅटवाला, गणपतीत डॉल्बीच्या भिंती लावणारा, पाच वॅटचा डबा बघून आधी हसला, मग स्वतःच गुडघ्यावर बसून व्हॉल्यूम फिरवत बसला.

पावसाळ्याचं राहिलंच. बेळगावचा पाऊस आणि एक मेगची ग्रीड ही जोडी काही बरी नाही. २५० व्होल्टच्या पॅडपासून ग्रीडच्या पॅडपर्यंत ओलाव्यानं १००० मेगचा लीकेज जरी झाला, म्हणजे मीटरला दिसणार पण नाही एवढा, तरी १ मेगच्या ग्रीड रेझिस्टरवर पाव व्होल्ट येतंय, आणि त्या ट्यूबचा बायसच मुळात सव्वा व्होल्ट. जुलैमध्ये अँप चुरचुरतोय आणि नोव्हेंबरमध्ये आपोआप बरा होतोय अशी तक्रार ऐकली की मला आधी सोल्डरचा फ्लक्स आठवतो. तो ओलावा धरतोय. सोल्डरिंग झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्डाची पाठ घासून काढा, आणि प्लेट आणि ग्रीडच्या मधून एक ग्राउंडचा ट्रॅक न्या म्हणजे गळती झालीच तर ती त्याच्यात जाईल. माझ्या बोर्डावर तो आहे. कपाटात ठेवताना सिलिकाची पुडी वगैरे काही नाही, आठवड्यातून अर्धा तास चालू केला की आतली धगच सगळं वाळवते.

बोर्ड छापून देणारे फॅबवाले एक बोर्ड देत नाहीत, त्यामुळं चार शिल्लक आहेत. त्यातला एक बास वाजवणाऱ्या दोस्तानं मागितलाय. बोर्ड देईन, पण ट्रान्सफॉर्मर हा चालणार नाही. बासची ई तार ४१ हर्ट्झ, म्हणजे तेवढ्याच आवाजाला लोखंडात सिग्नलचा भार दुप्पट, आणि इंडक्टन्सपण दुप्पट पाहिजे. मामांना विचारलं तर म्हणाले दीड इंची स्टॅम्पिंग हाय माझ्याकडं, जुन्या स्टॅबिलायझरचं, फक्त ह्या वेळी कागद तुम्हीच घेऊन या, माझं बिलबुक संपत आलंय.